दातांची जुळणी आणि दंतरोपण

जबलपूर शहराच्या परिसरात बडा शिमला नावाची एक टेकडी आहे. 1828 मध्ये कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास तेथे दगड बनलेली काही हाडे सापडली. भारतात डायनोसॉरांचे अवशेष मिळाल्याची ही पहिली नोंद होय. त्या हाडांपैकी शेपटीच्या मणक्यांवरून 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव प्रचारात आणले. पुढे मॅटली यांनी त्याच टेकडीवर शोध घेतला, आणि 1933 मध्ये फॉन ह्यूने व मॅटली या दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रबंधात 'इंडोसुकस' व 'इंडोसॉरस' या मांसभक्षक प्राण्यांची वर्णने आली. ज्या खडकांत हे अवशेष आढळतात त्यांस नर्मदेवरील लमेटाघाटावरून 'लमेटा स्तर' असे म्हणतात. या खडकांचे वय सुमारे 7 कोटी वर्षे आहे.

या प्राण्यांची एक गोष्ट दंतवैद्यकाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांचा दात झिजला किंवा मोडला तर त्याच जागी खालून नवा दात वर येत असे, आणि हा क्रम जन्मभर चालू राही. आजची मगर हेच करते. माणसाचे तसे नाही. त्याला प्रथम दुधाचे 20 आणि नंतर कायमचे 32 दात मिळतात. कायमचा दात गेला की निसर्गाकडून त्याची भरपाई होत नाही.

बहुतेक सस्तन प्राण्यांची स्थिती माणसासारखीच आहे. पण या तोट्याच्या बदल्यात त्यांना एक लाभही मिळाला. सरड्याचे किंवा मगरीचे दात भक्ष्य पकडण्यास व फाडण्यास पुरेसे असतात. वरचा दात खालच्या दातावर नेमका बसावा अशी तेथे गरज नसते. सस्तन प्राण्यांच्या दाढांचे उंचवटे मात्र समोरच्या दाढांच्या खळग्यांत बरोबर बसतात, त्यामुळे अन्न बारीक दळले जाते. दात सतत पडत आणि नवे येत राहिले असते तर ही अचूक जुळणी टिकली नसती. म्हणून माणसाच्या दातांसंबंधी दोन प्रश्न नेहमी जोडीने येतात. जुळणी बिघडली तर ती कशी सुधारावी, हा पहिला. आणि दात कायमचा गेला तर त्याच्या जागी काय बसवावे, हा दुसरा.

जुळणीतील दोष

निरोगी मनुष्याने दाढा मिटल्या असता वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे येतात व त्यांचा काही भाग झाकतात. ही उभी झाकण साधारणतः 2 ते 4 मिलिमीटर असते. तिलाच दंतवैद्य 'ओव्हरबाइट' म्हणतात. ती प्रमाणाबाहेर वाढली म्हणजे तिला 'खोल चावा' असे म्हणतात. वरचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत हे आडवे अंतर वेगळे. त्यास 'ओव्हरजेट' असे नाव आहे. सामान्य बोलण्यात "दात पुढे आहेत" असे म्हणतात तेव्हा बहुधा हे दुसरे अंतर अभिप्रेत असते. दोन्ही दोष एकत्र आढळू शकतात. परंतु त्यांची कारणे व उपचार सर्वस्वी एक नाहीत, म्हणून हा भेद करणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये दातांच्या जुळणीचे जे वर्गीकरण मांडले ते आजही वापरले जाते. वरची पहिली कायमची दाढ आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कोठे बसतात, यावर ते आधारलेले आहे. खालची दाढ असावयास पाहिजे त्याहून मागे असेल तर तो दुसरा वर्ग. पुढे आलेले दात व खोल चावा हे दोष बहुधा या वर्गात दिसतात.

दोषाचे मूळ हाडात असू शकते आणि दातांतही असू शकते. खालचा जबडा आखूड किंवा मागे असणे हा हाडातील दोष होय. पटाशीचे दात प्रमाणाबाहेर वर किंवा खाली उगवणे, किंवा ते कलणे, हा दातांतील दोष. चार-पाच वर्षांच्या वयानंतरही अंगठा चोखण्याची सवय टिकली तर वरचे दात पुढे ढकलले जातात. प्रौढांमध्ये आणखी एक कारण आढळते. मागच्या दाढा एकामागून एक काढल्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच बसविले नाही, तर चावण्याचा सारा भार पुढच्या दातांवर पडतो. ते हळूहळू पुढे कलतात व चावा अधिक खोल होतो. अशा रीतीने दात गमावण्याचा प्रश्न आणि जुळणीचा प्रश्न एकमेकांत गुंतत जातात.

हा दोष केवळ दिसण्याचा आहे असे समजणे बरोबर नाही. खोल चाव्यात खालच्या दातांची टोके वरच्या टाळूच्या हिरडीवर आपटून तेथे जखमा होतात, आणि दातांची झीज वाढते. पुढे आलेल्या वरच्या दातांना ओठांचे संरक्षण कमी मिळते. खेळताना अथवा सायकलवरून पडताना पहिला मार त्यांनाच बसतो.

दात हाडातून कसा सरकतो

दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीप्रमाणे हाडात घट्ट बसविलेला नसतो. त्याचे मूळ आणि सभोवारचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. या पडद्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. घास चावताना एखादा खडा दाताखाली आला की तो तत्काळ कळतो, तो या पडद्यामुळे.

1904-05 च्या सुमारास स्वीडनमधील कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, दातावर सतत हलका दाब दिला असता ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड झिजते आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे हाड तयार होते. त्यामुळे दात आपल्या खोबणीसह हळूहळू सरकतो. दंतसुधारणेचे सर्व शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. येथे जोर उपयोगी पडत नाही. दात हाडात खोल दाबावयाचा असेल तर 10 ते 20 ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. दाब फार झाला तर पडद्यातील रक्तप्रवाह थांबतो, दाताची चाल मंदावते आणि मुळास इजा होण्याचा धोका वाढतो. सर्वसाधारणपणे दात महिन्यास सुमारे 1 मिलिमीटर सरकतो; म्हणूनच या उपचारास दीड-दोन वर्षे लागतात.

सुधारणेचे मार्ग

वाढत्या वयातील मुलांसाठी काढता-घालता येणारी साधने उपयोगी पडतात. वरच्या दातांमागे टाळूवर एक सपाट पट्टी बसविली की खालचे पुढचे दात तिच्यावर टेकतात, मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात व थोड्या अधिक उगवतात. त्यामुळे चावा उथळ होतो. खालचा जबडा मागे असेल तर त्यास पुढे धरून ठेवणारे साधन देतात. स्कॉटलंडचे विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये तयार केलेले 'ट्विन ब्लॉक' हे त्यांपैकी प्रसिद्ध साधन होय. त्यातील वरच्या व खालच्या ठोकळ्यांचे उतार एकमेकांवर बसले की जबडा आपोआप पुढे येतो. किशोरवयातील झपाट्याच्या वाढीचा काळ या साधनांस अनुकूल असतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो. त्याहून लहान वयात उपचार केल्यास पुढच्या दातांना होणाऱ्या इजा कमी होतात. इतर बाबतींत मात्र किशोरवयात एकाच टप्प्यात केलेल्या उपचाराइतकाच परिणाम मिळतो, असे तुलनात्मक अभ्यासांवरून दिसून आले आहे.

कायमचे दात आल्यानंतर दातांवर लहान खाचदार कड्या चिकटवून त्यांतून तार ओवतात. ही तार पूर्वी सोन्याची व पुढे पोलादाची असे. 1970 नंतरच्या दशकात जॉर्ज अँड्रिआसेन यांनी निकेल व टायटेनियम यांच्या मिश्रधातूची तार या कामी आणली. ती वाकविली तरी आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि बराच काळ हलका, सारखा दाब देत राहते. 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस पारदर्शक प्लास्टिकचे साचे प्रचारात आले. सौम्य दोषांत ते सोयीचे आहेत; तथापि ते रोज बहुतेक वेळ तोंडात ठेवावे लागतात, आणि सर्व प्रकारच्या दोषांना ते पुरे पडत नाहीत.

वाढ पूर्ण झालेल्या व्यक्तीत जबड्याच्या हाडातील दोष मोठा असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंस उभे चिरून त्यास पुढे सरकविण्याची पद्धत ट्राउनर व ओबवेगेझर यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केली. हाडाचे तुकडे आता टायटेनियमच्या पट्ट्या व स्क्रू यांनी जोडून ठेवतात.

कोणत्याही मार्गाने दात सुधारले तरी ते मूळ जागी परतू पाहतात. म्हणून उपचारानंतर त्यांस धरून ठेवणारी तार अथवा पट्टी दीर्घकाळ वापरावी लागते. ही अखेरची पायरी गाळल्यामुळे पुष्कळांचे श्रम वाया जातात.

टायटेनियम आणि हाड

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. 1952 मध्ये स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची एक पोकळ कुपी बसवून त्यातून रक्ताभिसरणाचे निरीक्षण करीत होते. प्रयोग संपल्यावर कुपी काढू गेले तो ती निघेना. हाड तिच्या पृष्ठभागाशी एकजीव झाले होते. इतर धातूंभोवती शरीर बहुधा तंतूंचे वेष्टन तयार करून त्यांस वेगळे ठेवते. टायटेनियमवर मात्र हवेच्या स्पर्शाने ऑक्साइडचा अतिशय पातळ व टिकाऊ थर तयार होतो, आणि या थराशी हाडाच्या पेशींचे वैर नसते.

1965 मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटेनियमची कृत्रिम मुळे बसविली. तो रुग्ण 2006 मध्ये मृत्यू पावला. तोपर्यंत, म्हणजे 40 वर्षांहून अधिक काळ, ती मुळे काम देत होती. आरंभी अनेक दंतवैद्यांचा या पद्धतीवर विश्वास बसला नाही. 1982 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ती जगभर मान्य झाली.

ज्या खनिजापासून ही धातू मिळते ते इल्मेनाइट भारतात विपुल आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील काळबादेवी व मिऱ्या या खाड्यांच्या किनाऱ्यावरील काळी वाळू त्यानेच काळी दिसते. केरळमधील चवरा येथे 2011 मध्ये टायटेनियम धातू तयार करणारा कारखानाही सुरू झाला.

दंतरोपणाची कृती थोडक्यात अशी. हिरडी उघडून हाडात नेमक्या व्यासाचे छिद्र पाडतात आणि त्यात साधारणतः 3 ते 5 मिलिमीटर जाडीचा टायटेनियमचा स्क्रू बसवितात. हाड त्याच्याशी जडण्यास काही महिने द्यावे लागतात. मूळ पद्धतीत खालच्या जबड्यास 3 व वरच्या जबड्यास 6 महिने दिले जात. त्यानंतर स्क्रूवर जोडतुकडा व त्यावर दाताच्या आकाराची टोपी बसवितात. तंबाखूचे धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे रोपण निकामी होण्याचा संभव वाढतो. रोपण कीड लागून कुजत नाही. परंतु त्याच्या भोवती मळ साचला तर हिरडी सुजते व आधाराचे हाड झिजते. हाडांच्या विकारांसाठी काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या रुग्णाने ती गोष्ट दंतवैद्यास आधी सांगणे अगत्याचे आहे.

क्रम चुकल्यास काय होते

रोपणाचा सर्वांत मोठा गुण हाच त्याचा सर्वांत मोठा निर्बंध आहे. त्याच्या भोवती तंतुमय पडदा नसतो. म्हणून ते जेथे बसविले तेथेच राहते. तारेने नैसर्गिक दात सरकविता येतो, रोपण सरकविता येत नाही. यावरून दोन नियम निघतात.

पहिला नियम वयाचा. बारा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडून गेला, तर त्याच्या आईवडिलांना साहजिकच लगेच पक्का दात हवा असतो. पण मुलाचा जबडा अजून वाढत असतो. शेजारचे दात वाढत्या हाडाबरोबर खाली-पुढे येत राहतात आणि रोपण जागच्या जागी थांबते. काही वर्षांनी ते हिरडीत वर रुतल्यासारखे दिसू लागते, आणि मग त्यास हलविण्याचा उपाय उरत नाही. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींच्या बाबतीत साधारण 17-18 आणि मुलांच्या बाबतीत 20-21 वर्षांपर्यंत, थांबणे श्रेयस्कर ठरते. मधल्या काळात काढता-घालता येणारा दात, किंवा शेजारच्या दातास मागून चिकटविलेला दात वापरता येतो. निवडक मुलांमध्ये त्यांचीच उपदाढ काढून पुढच्या जागी लावण्याची शस्त्रक्रियाही यशस्वी होते; त्या दाताबरोबर त्याचा पडदा येत असल्यामुळे तो जबड्याबरोबर वाढतो व सरकविता येतो.

दुसरा नियम जुळणीचा. चावा खोल असेल तर वरच्या टोपीसाठी उभी जागाच उरत नाही, आणि प्रत्येक चाव्यास खालचे दात तिच्यावर तिरका मार देतात. पडद्याची उशी नसल्यामुळे हा भार सरळ स्क्रूवर व हाडावर येतो. टोपी तडकते किंवा स्क्रू ढिला होतो. म्हणून सामान्यतः आधी दात सरकवून जुळणी सुधारावी व नंतर मोकळ्या केलेल्या जागी रोपण करावे, हा क्रम पाळला जातो. ज्याच्या तोंडात पुरेशा दाढाच नाहीत अशा प्रौढाच्या बाबतीत मात्र तज्ज्ञ कधी कधी आधी मागे रोपण बसवितात व त्याचाच आधार घेऊन पुढचे दात हलवितात. अशा वेळी रोपणाची अंतिम जागा आधीच काटेकोरपणे ठरवावी लागते.

रोपण हलत नाही, या दोषाचाच पुढे उपयोग करून घेण्यात आला. एक दात ओढावयाचा तर दुसऱ्या दातांचा आधार घ्यावा लागतो, आणि तो आधारही थोडा सरकतो, ही दंतसुधारकांची जुनी अडचण होती. 1983 मध्ये अमेरिकेतील क्रीकमोर व एकलंड यांनी खोल चाव्याच्या एका रुग्णात नाकाखालच्या हाडात धातूचा लहान स्क्रू बसविला आणि त्यास वरचे पटाशीचे दात बांधून वर ओढले. वर्षभरात ते सुमारे 6 मिलिमीटर वर गेले. स्क्रू जागचा हलला नाही. 1997 मध्ये जपानचे कानोमी यांनी अवघ्या 1.2 मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरून खालच्या दातांसाठी हीच युक्ती केली. आज असे तात्पुरते स्क्रू प्रचारात आहेत. काम संपले की ते काढून टाकतात.

मध्य भारतातील सोयी आणि प्रश्न

भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्ता येथे काढले. 1948 मध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1968 मध्ये सुरू झाले. दंतसुधारणेतील तज्ज्ञांची 'इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी' 1965 मध्ये स्थापन झाली. जबलपूर येथे 1955 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2011 च्या कायद्याने स्थापन झालेल्या मध्य प्रदेश वैद्यकीय विद्यापीठाचे मुख्य ठिकाणही तेच आहे; दंतवैद्यकाचे शिक्षण त्याच्या कक्षेत येते.

जबलपूरच्या आसमंतात एक वेगळा प्रश्न आहे. शेजारच्या मंडला जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण घातक आहे. तिलाईपानी गावातील मुलांच्या वाकलेल्या पायांचा व डागाळलेल्या दातांचा अभ्यास जबलपूर येथील आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने केला. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि ते दीड मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. फ्लोराइडमुळे विकृत झालेल्या दंतवल्कावर सुधारणेच्या कड्या नीट चिकटत नाहीत. यावरून असे दिसते की, सुधारणेचा उपचार दवाखान्यात होत असला तरी त्याची पूर्वतयारी गावच्या विहिरीपासून सुरू होते.

खर्चाचाही विचार केला पाहिजे. रोपण महाग आहे व ते प्रत्येकास परवडेल असे नाही. शेजारच्या दातांच्या आधाराने बांधलेला पूल आणि काढता-घालता येणारी कवळी हे उपाय जुने असले तरी चांगल्या हाती ते अनेक वर्षे काम देतात. मात्र गेलेल्या दाढेची जागा रिकामी ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय होय, कारण समोरची दाढ त्या पोकळीत उतरते आणि पुढील प्रत्येक उपचार कठीण करून ठेवते.

शिक्षक व पालक यांच्यासाठी

मुलाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्याचे दात एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. उपचार त्याच वेळी सुरू होतोच असे नाही. पण वाढीचा अनुकूल काळ निसटून जात नाही. सुट्या रबराच्या कड्या दातांभोवती घालून फट मिटविण्याचा घरगुती प्रयोग कधीही करू नये. ती कडी हिरडीखाली सरकत जाते आणि निरोगी दाताचा आधार नष्ट करते.

खेळाच्या मैदानावर मुलाचा कायमचा दात मुळासकट पडला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळास हात लावू नये व ते घासू नये. माती लागली असल्यास क्षणभर स्वच्छ पाण्याखाली धरून दात लगेच त्याच खोबणीत बसवावा आणि मुलास रुमाल चावून धरावयास सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधात बुडवून अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. मुळावरील पडद्याच्या पेशी तोपर्यंत जिवंत राहिल्या तर दात पुन्हा रुजण्याची आशा असते, आणि तसा रुजलेला दात कोणत्याही कृत्रिम मुळापेक्षा मुलाच्या अधिक कामाचा असतो. शाळेच्या प्रथमोपचार पेटीजवळ या चार ओळी लिहून लावाव्यात. त्यांस खर्च काहीच येत नाही.